विमलाबाईंची उपेक्षा

नाशकात उपनगरच्या त्या कॉलनीत दूधवाला वेळेवर आला की उशिरा, हे कुणी घड्याळ बघून ठरवत नसे. विमलाबाईंची सकाळची बुद्धवंदना संपायच्या आत आला तर वेळेवर, आणि वंदना संपून त्यांचं नवऱ्याशी बोलणं सुरू झाल्यावर आला तर उशिरा. दोन्ही सारख्याच खणखणीत आवाजात चालायचं. तीस वर्षं अंगणवाडीत काढलेली बाई, चाळीस पोरांच्या कालव्यावरून "माझा खडू कुणी खाल्ला?" असं विचारायचं, तर आवाज असाच लागतो. हसणंही त्याच मापाचं. हसू आलं की हातातलं भांडं आधी खाली ठेवायचं आणि मग हसायचं, ही त्यांची पद्धत.

नेमाच्या मात्र पक्क्या. सकाळ-संध्याकाळ त्रिसरण-पंचशील, पौर्णिमा-अमावास्येला आणि अष्टमीला पांढरी साडी नेसून अष्टशील, त्या दिवशी दुपारी बारानंतर अन्नाला शिवायचं नाही. खोटं बोलायचं तर त्यांच्या जिभेला जमतच नसे. दारात काही विकायला आलेल्या माणसाला नात चैतालीनं "घरी कुणी नाहीये" म्हटलं, तर या आतून बाहेर येऊन सांगायच्या, "आम्ही सगळे घरी आहोत बाबा, पण घेणार काही नाही."

एका गोष्टीबद्दल तेवढा त्यांचा आवाज बसलेला असे: हात. अकरा वर्षांपासून सोरायसिस. कोपरं, मनगटं, तळहात. लाल चट्टे आणि त्यावर पांढुरके पापुद्रे. हा एकाचा दुसऱ्याला लागणारा आजार नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं, विहारातल्या बायकांनाही ठाऊक होतं. तरी पहिल्याच वर्षी खीरदानाला एका बाईनं त्यांच्या हातून द्रोण घेताना बोटं जराशी आखडली. एवढंच. पण विमलाबाईंनी ते पाहिलं आणि पुढच्या पौर्णिमेपासून त्या आपणहून मागच्या चुलीवर गेल्या. "ढवळायला दमदार माणूस लागतं," म्हणाल्या. तेव्हापासून खीर त्यांची आणि वाढप दुसऱ्यांचं.

मलमं झाली. मग आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी झाली; रक्त तपासलं तर तिनं यकृताला त्रास व्हायला लागलेला, म्हणून तीही बंद. यंदाच्या जूनमध्ये कॉलेज रोडच्या डॉक्टर तृप्तींनी नवी गोळी लिहून दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक.

"मावशी, सुरुवातीला मळमळेल, पोट बिघडेल. ते जातं," डॉक्टर म्हणाल्या. "आणखी एक सांगते, नीट ऐका. या गोळीनं काही जणांचं मन उदास होतं. सगळ्यांचं नाही, थोड्यांचं. तसं वाटलं तर लगेच मला कळवायचं. घरच्यांनाही लक्ष ठेवायला सांगा."

"उदास म्हणजे रडू-बिडू येतं का?"

"रडू येईल, झोप उडेल, कशातच मन लागणार नाही, असं काहीही."

विमलाबाईंनी त्यातलं रडू तेवढं लक्षात ठेवलं. घरचे, म्हणजे नवरा सावळीराम, त्या वेळी खाली स्कूटर लावायला जागा शोधत गोल फिरत होते. ते वर येईपर्यंत चिठ्ठी लिहून झाली होती. घरी आल्यावर त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि गोळ्यांची पट्टी उजेडात धरली. ओझरच्या विमान कारखान्यात अठ्ठावीस वर्षं फिटर होते. हातात आलेल्या वस्तूवर जे काही लिहिलं असेल ते शेवटपर्यंत वाचायची सवय.

"अ-प्रे-मि-लास्ट. विमल, नावातच अप्रेम आहे की गं!"

"तुम्ही आणलेल्या वांग्यांत रोज कोण कोण निघतं, त्यांची नावं वाचा आधी," विमलाबाई म्हणाल्या आणि हातातलं पातेलं खाली ठेवून हसल्या.

मळमळ पंधरा दिवसांत गेली. श्रावण सरता सरता चट्टे फिके पडले. भाद्रपदात तळहात असे निघाले, की सून स्नेहा ते उलटेपालटे करून बघतच राहिली.

"आई, बाळाचे हात झालेत हो!"

विमलाबाईंनी हातांकडे पाहिलं. "हो," म्हणाल्या आणि कणीक मळायला घेतली.

हे "हो" त्या घरात नवीन होतं. शेजारच्या धम्मपालनं मोटरसायकल फाटकाला आडवी लावली, की पूर्वी त्यावर निदान पाव तास बोलणं व्हायचं, अर्धी कॉलनी गॅलरीत यायची. आता विमलाबाई अंग चोरून मोटरसायकलच्या बाजूनं निघून जायच्या. धम्मपालच बिचारा अस्वस्थ झाला. तिसऱ्या दिवशी त्यानं गाडी आपणहून सरळ लावली आणि खिडकीकडे बघत उभा राहिला. खिडकीतून काहीच आलं नाही.

सावळीरामांनी एकदा दुधी आणला, इतका जून की सुरीच आत जाईना. विमलाबाईंनी तो कसाबसा चिरला, बिया काढल्या, भाजी केली. पुढच्या आठवड्यात मुळे आले, आतून पोकळ. त्यांची कोशिंबीर झाली. त्यापुढच्या आठवड्यात मेथी आली, तिला पिवळी फुलं. विमलाबाईंनी फुलं खुडून बाजूला ठेवली आणि उरलेल्या काड्यांत पानं शोधत बसल्या. सावळीराम दारात उभं राहून बघत होते. मग आत गेले.

विमलाबाईंना आतून कसं वाटत होतं? खरं तर काहीच वाटत नव्हतं. दुःख नाही, राग नाही. कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद करावा आणि माणसं तेवढी पडद्यावर हलत राहावीत, तसं. वंदना चुकत नव्हती, पण आवाज कुठूनतरी ओढून आणावा लागे, म्हणून त्या पुटपुटूनच म्हणायच्या. दूधवाला वेळेच्या बाबतीत पार गोंधळून गेला. अष्टशीलाच्या दिवशी पूर्वी दुपारी तीनपासून पोटात कावळे ओरडायचे. आता संध्याकाळ झाली तरी पोटाला जेवणाची आठवण नसे. ब्लाउज सैल झाले. पहाटे कोंबडं आरवायच्या आधी जाग येई, तर त्या आढ्याकडे बघत पडून राहत. हे सगळं व्रत अंगी लागल्याचं लक्षण असावं, असं त्यांना वाटे. इतकी वर्षं नेम धरला, कधीतरी फळ यायचंच.

डॉक्टरांकडे दाखवायला गेल्या तेव्हा बाहेरच्या टेबलावर रूपाली नावाची मुलगी कागद भरून घेत होती.

"मूड कसा असतो मावशी?"

"शांत."

"उदास वाटतं? रडू येतं?"

"नाही गं. एक टिपूस नाही."

रूपालीनं दोन्ही प्रश्नांपुढे 'नाही'वर खूण केली. आत डॉक्टरांनी हात पाहिले, खूश झाल्या. बाहेर गर्दी होती. विमलाबाई एक अक्षरही खोटं बोलल्या नव्हत्या.

वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात दर रविवारी एकेका पारमितेवर, म्हणजे अंगी बाणवायच्या एकेका गुणावर, प्रवचन असे. दानापासून सुरुवात झाली होती, शेवटची दहावी उपेक्षा. ती सांगायला हिरामण गुरुजी उभे राहिले. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी बोलताना खडू धरल्यासारखी बोटं करायचे.

"उपेक्षा म्हणजे आपण रोज म्हणतो ती उपेक्षा नव्हे बरं का. कुणी स्तुती केली तरी हुरळायचं नाही, निंदा केली तरी खचायचं नाही. लाभ होवो, तोटा होवो, मनाचा काटा मधोमध. फार अवघड पारमिता. आपल्यात असं कुणी सापडणं कठीण."

"का कठीन, गुरुजी?" मागून झुंबरबाई उठल्या. माहेर नांदगावकडचं, चाळीस वर्षं नाशकात राहूनही बोली तीच. "ही बसली ना हितं! आमची विमलताई. मागल्या साली वेलची कमी पडली म्हनून हिनं मला समद्यांसमोर झापलं व्हतं. औंदा मी खिरीत साखर टाकायचीच विसरले, तरी बोलली नाय! म्हनली, बरं. लय पोचलीय ती आता."

सगळ्या बायका हसल्या, माना वळल्या. गुरुजींनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, "मग आश्विन पौर्णिमेला वाढप विमलताईंच्याच हातानं होऊ दे. पहिला द्रोण भंतेजींचा." सगळ्यांच्या नजरा एकदम त्यांच्या हातांवर गेल्या आणि त्या स्वच्छ हातांवर थांबल्या. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं रविवारी सकाळी बसल्या जागी पदरात पडलं. पौर्णिमा दहा दिवसांवर होती.

विमलाबाईंनी हात जोडले आणि आत आनंद कुठे आहे ते शोधलं. सापडला नाही. स्तुतीनं हुरळले नाही, म्हणजे हीच ती उपेक्षा असणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि चपला शोधायला गेल्या.

संध्याकाळी स्नेहा चैतालीचा गृहपाठ तपासत होती. चैताली सहावीत. मराठीच्या बाईंनी पाच शब्द दिले होते आणि वाक्यात उपयोग करायला सांगितला होता.

"हे काय लिहिलंस गं? खोड आधी."

"का? बरोबर आहे. बाईंनी अर्थ सांगितलाय."

"चैताली, खोड म्हणते ना!" स्नेहानं वही पदराआड घेतली, आणि तिथेच चूक झाली. विमलाबाईंनी हात पुढे केला.

"बघू."

वहीत निळ्या शाईत, अक्षर छान काढून लिहिलं होतं: उपेक्षा – माझी आजी हल्ली माझी उपेक्षा करते.

विमलाबाईंनी ते दोनदा वाचलं. सकाळी याच शब्दासाठी विहारानं त्यांना हात जोडले होते.

"म्हणजे काय करते गं मी?"

"दुर्लक्ष," चैताली म्हणाली. आईकडे एकदा पाहिलं आणि मग सुटलीच. "मी सांगितलं, कबड्डीत मी मोठ्या मुलीची पकड केली. तू म्हणालीस, बरं. मी सांगितलं, मला ताप आल्यासारखं वाटतंय. तू म्हणालीस, बरं. मग मी मुद्दाम सांगितलं, आजी, आज वर्गात हत्ती आला होता आणि तो बाईंच्या खुर्चीवर बसला. तरी तू म्हणालीस, बरं!"

"चैताली, पुरे!" स्नेहा ओरडली. "आई, तुम्ही मनावर घेऊ नका हो, तिला काय कळतं."

"राहू दे. खोडू नको," विमलाबाई म्हणाल्या. "वाक्य बरोबर आहे."

नातीनं असं लिहिलेलं वाचल्यावर काळजात काहीतरी व्हायला हवं होतं. त्या वाट बघत उभ्या राहिल्या. ही पोर तीन वर्षांची असताना एकदा "आजी नको" म्हणाली होती, तर त्यांना दोन दिवस भाकरी गोड लागली नव्हती. आज काही झालं नाही. टोचलंही नाही. भंतेजी कितीतरी वेळा सांगायचे, उपेक्षेच्या आधीची पारमिता मैत्री, म्हणजे सगळ्यांविषयी माया. दहा पारमितांत त्या दोघी शेजारी शेजारी. मग माझी मैत्री कुठे गेली?

सांजवंदनेला बसल्या. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथ्यावर आल्या, खोटं न बोलण्याच्या, आणि तिथे जीभ अडकली. रूपालीला आपण "शांत" सांगितलं. शांत असतं ते असं असतं का? गेल्या महिन्यात दोन पहाटा अशा आल्या होत्या, की डोळे उघडल्याबरोबर मनात आलं, आज उठलेच नसते तर किती बरं झालं असतं. त्या दोन पहाटांबद्दल त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. खोटं बोलल्या नव्हत्या. कुणी विचारलंच नव्हतं. पण आता त्यांना ते शील पुढे म्हणवेना. मेणबत्ती तशीच जळत राहिली.

सावळीराम गॅलरीत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. विमलाबाई त्यांच्यासमोर जाऊन बसल्या.

"अहो, मी बदलले का?"

"खरं सांगू?"

"आपल्या घरात दुसरं काय सांगतात?"

सावळीरामांनी शेंग खाली ठेवली. "पहिले पंधरा दिवस मला सुट्टी लागल्यासारखं वाटलं. मग चुकून तो जून दुधी आणला. तू काही बोलली नाहीस. म्हटलं, लक्ष नसेल. मग मुळे मुद्दाम आणले."

"मुद्दाम?"

"मग काय! भाजीवाल्याला म्हटलं, तुझ्याकडे सगळ्यात वाईट काय आहे ते दे. तो म्हणाला, काका, घरी सगळं ठीक ना? ती मेथी तर त्यानं बकरीसाठी बाजूला ठेवली होती. मागून घेतली. वाटलं, यावर तरी तू कडाडशील. तर तू खाली बसून पानं शोधत होतीस." त्यांचा आवाज जरा खाली आला. "मी आत जाऊन बसलो. कुणाला सांगणार? बायको भांडत नाही म्हणून तक्रार घेऊन गेलो, तर लोक पेढे मागतील."

यावर हसायला हवं होतं, हे विमलाबाईंना कळलं. ओठ हललेही. पण पुढे काही आलं नाही, आणि ते न आलेलं हसू सावळीरामांनी समोर बसून पाहिलं.

मग त्यांनी त्या दोन पहाटांबद्दल सांगितलं. "मरावं असं नाही हो. उठू नये असं."

सावळीरामांनी शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाले, "उद्या सकाळी डॉक्टरांकडे."

"पौर्णिमेनंतर गेलं तर? दहाच दिवस. आत्ता सांगितलं तर गोळी बंद करतील. हात पुन्हा तसे होतील." त्यांनी दोन्ही तळहात उजेडात पसरले. "अकरा वर्षांनी कुणीतरी म्हणालं हो, तुम्ही वाढा."

सावळीराम त्या हातांकडे बघत राहिले. "मला त्या हातांची कधी अडचण नव्हती, पण ते मी म्हणणं सोपं आहे. हात तुझे, वाढप तुझं. गोळी घे की सोड, मी नाही सांगणार. फक्त त्या डॉक्टरीणबाईला पुन्हा शांत म्हणू नकोस."

विमलाबाई बसून राहिल्या. खाली धम्मपालनं मोटरसायकल आणून पुन्हा फाटकाला आडवी लावली. त्या बघत होत्या. दहा दिवस. रोज दोनदा चौथं शील म्हणायचं, म्हणजे वीस वेळा. आणि मध्ये तशी तिसरी पहाट आली तर? मग खीर कोण वाढणार होतं?

"सकाळी नऊला स्कूटर काढा," त्या म्हणाल्या. "आणि मला दारात सोडून जागा शोधत फिरू नका. वर माझ्यासोबत या. गाडी उचलून नेली तर नेऊ दे."

डॉक्टर तृप्तींनी हात बघायला हात पुढे केला, तर विमलाबाईंनी आपले हात मांडीवरच ठेवले.

"हात छान आहेत. ते नंतर बघा. मागच्या वेळी मी बाहेरच्या मुलीला शांत म्हणून सांगितलं. ते चुकलं. शांत नाही डॉक्टर, बंद आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग एकेक विचारत गेल्या: झोप, भूक, कधीपासून. विमलाबाईंनी सगळं सांगितलं, दुधी आणि हत्तीसकट. शेवटी डॉक्टरांनी आवाज न बदलता विचारलं, "जगू नये असं कधी वाटलं?"

"आज उठलेच नसते तर बरं, असं दोनदा."

"स्वतःला काही करून घ्यावं, असं?"

"नाही. तेवढा उत्साहच नव्हता."

हे त्या इतक्या सरळ म्हणाल्या, की सावळीरामांनी घाईनं चष्मा काढला आणि पुसत बसले.

"गोळी आजपासून बंद," डॉक्टर म्हणाल्या. "गोळीनंच झालं असं मी शंभर टक्के म्हणणार नाही. या आजारातही माणसाचं मन खचतं. पण गोळी चालू ठेवून शोधत बसायचं नाही. आणि आजच माझ्या मैत्रिणीला भेटायचं. मनाच्या डॉक्टर आहेत, याच रस्त्यावर. मी आत्ता फोन करते."

"म्हणजे वेडाच्या?" सावळीराम दचकले.

"मनाच्या, काका. ओझरला विमानाच्या इंजिनाचा आवाज बदलला तर तुम्ही काय करायचात?"

"खोलून बघायचो."

"तसंच. आणि मावशी, पुन्हा तसा विचार आला तर पडून राहायचं नाही. काकांना उठवायचं, मला फोन करायचा. चूक आमचीही आहे. आम्ही एका शब्दात विचारतो, तुम्ही एका शब्दात सांगता."

"आणि हात?" विमलाबाईंनी विचारलं.

"चट्टे परत येतील. कधी आणि किती, ते सांगता येत नाही. पण हा एकच रस्ता नाही. प्रकाशाचा उपचार आहे, इंजेक्शनं आहेत. आधी मन जागेवर येऊ दे."

मन जागेवर यायला लागलं ते भलत्याच दारानं. पाचव्या-सहाव्या दिवशी विमलाबाईंना पोह्यांत मीठ जास्त झाल्याचं कळलं. सातव्या दिवशी चैतालीच्या एकसारख्या बडबडीनं डोकं उठलं. आठव्या दिवशी मनाच्या डॉक्टरांकडे दुसऱ्यांदा गेल्या आणि तिथल्या खुर्चीवर बसल्या बसल्या अर्धा तास रडल्या, घरी येऊन सावळीरामांना म्हणाल्या, "भूक लागलीय." आणि नवव्या दिवशी डाव्या मनगटावर रुपयाएवढा लाल चट्टा उठला.

पौर्णिमेला त्या पांढरी साडी नेसून विहारात गेल्या आणि सरळ मागच्या चुलीकडे वळल्या. झुंबरबाईंनी वाट अडवली.

"हिकडं कुठं? फुडं हो."

"हात बघ माझा."

"बघितला. खाज तुला हाय, खिरीला नाय. पळी धर."

पहिला द्रोण भंतेजींना दिला. मग रांग लागली. दहा-बारा बायका झाल्या असतील, तोच एकीची नजर मनगटावर गेली. ती अलगद सरकून शेजारच्या रांगेत जाऊन उभी राहिली. एवढंच. पण विमलाबाईंना ते असं लागलं, की पळी हवेतच थांबली. कान तापले. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांना काही लागलं नव्हतं. क्षणभर विमलाबाई त्या दुखण्याकडेच बघत राहिल्या, आणि मग अंगणवाडीतला आवाज निघाला.

"बायांनो, इकडची खीर गरम आहे, तिकडची गार झालीय! आणि मी पळीनं वाढतेय, हातानं नाही. ज्याला जी हवी ती घ्या!"

अख्खा मंडप वळून बघायला लागला. झुंबरबाई मागून ओरडल्या, "अगं बया, पारमिता गेली वाटतं हिची!" आणि हशा पिकला. रांग हळूहळू इकडे सरकली. ती बाई मात्र आली नाही. तिचा विमलाबाईंना पुढे चार दिवस राग होता. सकाळच्या वंदनेनंतर तिचं नाव घेऊन तिचंही भलं होवो म्हणायच्या, आणि तरी राग यायचा. चैतालीला त्यांनी हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मग तिचीच उपेक्षा कर ना आजी."

नंतरच्या आठवड्यात प्रकाशाचे उपचार सुरू झाले. दवाखान्याच्या मागच्या खोलीत माणसाच्या उंचीचं एक कपाट, आत चारी बाजूंनी निळसर नळ्या. डोळ्यांना काळा चष्मा लावायचा, हात वर करून उभं राहायचं आणि रूपालीनं दार लावलं की हलायचं नाही. पहिल्या दिवशी विमलाबाई आत उभ्या राहिल्या. नळ्या पेटल्या. बाहेर दाराच्या काचेतून बघणाऱ्या सावळीरामांना गप्प बसवेना.

"ही तिसरी नळी जरा लुकलुकतेय बघ," ते रूपालीला सांगत होते. "आमच्या कारखान्यात असं झालं की आधी नळीची पकड सैल झालीय का ते बघायचो. स्क्रू-ड्रायव्हर आहे का गं तुझ्याकडे? दोन मिनिटांचं काम आहे."

"अहो!" कपाटातून आवाज आला. भिंतीपलीकडे रांगेत बसलेली माणसंसुद्धा दचकली. "मी आत आहे! आधी मला भाजून होऊ द्या, मग खोला काय खोलायचं ते!"

रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. आत काळ्या चष्म्यात, दोन्ही हात वर करून, जणू पोलिसांनी धरल्यासारख्या उभ्या असलेल्या विमलाबाईंना आपण दिसतोय कशा ते डोळ्यांपुढे आलं. हातात खाली ठेवायला भांडंही नव्हतं. हसू दाबायला गेल्या, तर ते पोटातून वर आलं आणि सगळं कपाट हलायला लागलं.

रूपालीनं दारावर टकटक केलं. "मावशी, हलू नका ना!"

"मी कुठे हलतेय गं," विमलाबाई कशाबशा म्हणाल्या, "माझं पोट हलतंय."